तेलावाचून निघालेले

वाचनासाठी उतारा : मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय २५, ओव्या १ ते १३.



दहा कुमारींचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. शब्बाथशाळेत तो शिकवितात, लग्नाच्या उपासनेत तो वाचतात, आणि मुळशी तालुक्यातील वाड्यावस्त्यांतून, कोणाच्या ओसरीवर तर कोणाच्या अंगणात, आम्ही स्वतः त्यावर किती वेळा बोललो असू ह्याची गणती नाही. परंतु तो दाखला आम्हांस खरा कळला तो उपदेशपीठावर नव्हे. तो कळला पौडाच्या पलीकडे, रात्रीच्या वेळी, भर पावसात, एका चढावर बंद पडलेल्या मोटारीत बसून. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे. तिच्यात आमची शोभा नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

दाखल्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वराला उशीर लागला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली व दहाही जणी झोपी गेल्या. शहाण्या जाग्या राहिल्या आणि मूर्ख झोपल्या, असे प्रभूने सांगितलेले नाही. तेव्हा दोष झोपेचा नव्हता. दोष त्याच्या पुष्कळ आधीचा होता. विकणाऱ्यांची दुकाने उघडी असता, वाट मोकळी असता, पाच जणींनी आपल्या भांड्यांत तेल घेतले नाही, इतकेच झाले. दिवे तर त्यांचेही जळत होते. संध्याकाळी रस्त्याने जाणाऱ्यास दहा दिव्यांच्या प्रकाशात काही भेद दिसला नसता. मोटारीचेही असेच आहे. टाकीत दोन लिटर असोत की तीस असोत, इंजिनाचा आवाज तोच असतो आणि वेगही तोच असतो. जोवर शेवटचा थेंब संपत नाही तोवर रिकाम्या टाकीचा मनुष्य व भरल्या टाकीचा मनुष्य एकाच दिमाखाने रस्त्याने जातात.

जुलै महिना होता. आम्ही दुपारी पुण्याहून निघालो. संगती एक तरुण उपदेशक होता. मुळशी तलावाच्या काठच्या एका वस्तीत प्रार्थनासभा ठरली होती. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, माले असा तो रस्ता. पुढे तोच निवे व ताम्हिणी करीत घाट उतरून माणगावाकडे जातो. पिरंगुट सोडले तेव्हा काटा शेवटच्या रेघेला टेकला होता. पौड आले तेव्हा पंपाचे चित्र असलेला तो लहानसा पिवळा दिवा लागला. पंप समोरच दिसत होता, पण पावसामुळे वाहने खोळंबून रांग झाली होती आणि आम्हांस उशीर झाला होता. तो तरुण हळूच म्हणाला, "पाळकसाहेब, दिवा लागलाय." आम्ही उत्तर दिले, "असू दे. प्रभूच्या कामास निघालो आहोत, तो पोहोचवील. येताना भरू." हे शब्द आम्ही मोठ्या भक्तिभावाने उच्चारले. त्यांत विश्वास किती होता आणि रांगेचा कंटाळा किती होता, हे त्या वेळी तपासून पाहिले नाही. तो तरुण पुन्हा बोलला नाही. त्याने आमचा मान राखला.

ह्या दिव्याविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या दारी आता मोटारसायकल आहे, कोणाची जीप वडापला लागते, कोणी भाजीचा टेम्पो हाकतो. टाकीत इंधनावर तरंगणारा एक लहान तुकडा असतो. तो खाली उतरला म्हणजे त्याच्या तारेबरोबर काटाही उतरतो, आणि ठराविक पातळीखाली गेला की दिवा लागतो. गाडी चढावर किंवा उतारावर उभी असली तर इंधन एका अंगास सरकते व काटा खोटे बोलतो. दिवा लागल्यावर किती लिटर शिल्लक राहते हे प्रत्येक गाडीचे निराळे असते. ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ती पुस्तिका कोणी उघडीत नाही. नव्या गाड्यांत तर अजून इतके किलोमीटर जाता येईल असा आकडाच समोर झळकतो. परंतु तो आकडा मागे झालेल्या प्रवासाच्या सरासरीवरून काढलेला असतो, पुढे असलेला घाट त्याला दिसत नाही. सपाटीवर साठ किलोमीटर दाखविणारी गाडी चढाला लागताच तो आकडा झरझर खाली येतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ठाऊक आहे. जुन्या मोटारसायकलींस खाली एक कॉक असे. पेट्रोल संपून गाडी झटके खाऊ लागली की वाकून तो रिझर्व्हवर फिरवावा लागे. त्यात एक गुण असा होता की मनुष्याला आपल्या हाताने, आपण शिलकीवर आलो, हे कबूल करावे लागे. पुष्कळ नव्या गाड्यांत तो कॉक राहिलेला नाही.

आम्ही वस्तीवर पोहोचलो. सभा चांगली झाली, आणि वाचनासाठी आम्ही कोणता अध्याय निवडला होता हे सांगावयास लाज वाटते. साडेआठच्या सुमारास सभा आटोपून भाकरीची तयारी चालू असता घरातील आजीबाईचे तोंड एका बाजूस वाकडे झाल्याचे तिच्या सुनेच्या ध्यानी आले. बोलणे अडखळू लागले, डावा हात उचलेना. तो पक्षाघाताचा झटका होता. मेंदूस रक्त पुरविणारी नाडी गुठळीने तुंबली असल्यास ती गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिली लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्या मुदतीतही प्रत्येक मिनिटाला मेंदूचा काही भाग मरत असतो. म्हणून अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता मोठ्या रुग्णालयात धावावे लागते. घरच्या मुलाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस बोलावण्यासाठी फोन हाती घेतला. तेव्हा आम्हीच त्याला म्हणालो, "मोटार दारात उभी असता दुसऱ्या गाडीची वाट कशाला पाहावी? चला, निघू." त्याने फोन खाली ठेवला. आमच्या शब्दावर ठेवला.

बंधूंनो, ह्या ठिकाणी आम्ही प्रत्येक वेळी थबकतो. दुपारी दिवा लागला तेव्हा ती गोष्ट केवळ आमची होती. फार तर आम्ही दोघे चार कोस चाललो असतो. पण रात्री आमच्या रिकाम्या टाकीवर एका घराने भरवसा ठेवला, आणि ती रिकामी आहे हे त्या घरास ठाऊक नव्हते. आम्हांसही त्या घाईत त्याची आठवण झाली नाही.

पाऊणएक तास जाण्याची वाट होती. पंचवीस मिनिटे गेलो असू. एका लांब चढावर गाडीने दोन झटके खाल्ले, क्षणभर पुन्हा जोर धरला, मग इंजिन बंद पडले. ज्यांनी हे भोगले नाही त्यांस वाटते की गाडी नुसती थांबते. तसे नाही. इंजिन बंद पडताच पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंग एकाएकी जड होते. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारे साहाय्यही सरते. साठलेल्या जोरावर एकदोन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पाय रोवून दाबावा लागतो. चढावर गाडी मागे घसरू लागते. आम्ही दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला, हातब्रेक ओढला, तो तरुण पावसात उतरून चाकामागे दगड लावू लागला. मागून कोणी वेगाने आले असते तर धुक्यात त्याला आम्ही दिसलो नसतो. मोबाइलला रेंज नव्हती. मागच्या आसनावर सून आजीबाईचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळाने विचारीत होती, "अजून किती?"

आता ज्या चुकीमुळे कित्येक जीव घाटात गेले आहेत तिच्याविषयी येथेच बोलतो, कारण ती चूक आम्हीही तरुणपणी पुष्कळ केली आहे. इंधन थोडे आहे, मग उतारावर गाडी न्यूट्रल करावी, किंवा इंजिनच बंद करून सोडून द्यावी, म्हणजे तेवढे वाचेल, असे जुने वाहनचालक शिकवीत. ताम्हिणीच्या उतारावर आजही लोक असे करताना दिसतात. ही काटकसर खोटी आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन आपले इंधन आपणच तोडते व चाकेच त्याला फिरवितात. न्यूट्रल केल्यास ते धुगधुगत ठेवण्यासाठी उलट थोडे इंधन जळते. शिवाय गिअरमध्ये असता इंजिन गाडीस मागे ओढून धरते. ते सोडले म्हणजे सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक वळणावर धरीत नाहीत. इंजिन बंद करून किल्ली काढली तर स्टिअरिंगला कुलूप बसण्याचे भय निराळेच. दोन रुपयांचे पेट्रोल वाचविण्यासाठी लोक हे करतात.

यंत्राची हानीही लहान नाही. आजच्या पेट्रोल मोटारींत इंधन ओढणारा विजेचा पंप टाकीच्या आतच बुडालेला असतो. सभोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते व वंगणही पुरविते. टाकी नेहमी तळाला नेऊन चालविणाराचा पंप लवकर तापतो, झिजतो आणि एके दिवशी बसतो. इंधनाऐवजी हवा ओढली गेली की इंजिनात जळण नीट होत नाही, आणि अर्धवट जळालेले इंधन पुढे धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात जाऊन त्याला जाळते. ते भांडे महाग असते. डिझेल गाड्यांची गोष्ट आणखी कठीण. त्यांच्या नळ्यांत हवा शिरली म्हणजे मिस्त्री म्हणतात, गाडीने एअर धरली. मग नुसते डिझेल ओतून भागत नाही, पुष्कळ गाड्यांत हातपंप मारून ती हवा काढावी लागते, आणि रात्री रानात मिस्त्री कोठून आणावा? तळाचा गाळ ओढला जातो म्हणून टाकी रिकामी ठेवू नये, असेही पुष्कळ सांगतात. पण पंप तर नेहमी तळाशीच ओढीत असतो, म्हणून ह्या कारणास आम्ही फारसे महत्त्व देत नाही.

त्या चढावर आम्ही सव्वा तास उभे होतो. दोन मोटारी गेल्या, थांबल्या नाहीत. त्यांना दोष देत नाही, रात्री निर्जन रस्त्यावर कोण थांबेल? मग समोरून एक मोटारसायकल आली. कंपनीतून उशिरा सुटून घरी चाललेला एक मनुष्य होता, गळ्यात तुळशीची माळ. त्याने आत डोकावून आजीबाईस पाहिले आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याची गाडी जुनी, कॉकवाली. त्याने कॉकची नळी उपटली, आमची पाण्याची बाटली रिकामी करविली आणि तीत जेमतेम दीड लिटर पेट्रोल उतरवून घेतले. (प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल धरणे धोक्याचे आहे व गाडीत ते बाळगून हिंडणे तर मुळीच योग्य नाही. आम्ही केले ते अडचणीत केले, कोणी त्याचा कित्ता गिरवू नये.) ओतावयास नरसाळे नव्हते. तेव्हा ह्याच साप्ताहिकाच्या अंकाची सुरळी करून आम्ही ते टाकीत ओतले. मजकुराचा इतका उपयोग पूर्वी कधी झाला नसेल.

तरीही गाडी सुरू होईना. तो मनुष्यच म्हणाला, "चढावर आहे. आतलं पेट्रोल मागं जाऊन बसलंय. सपाटीवर घ्या." त्याचे म्हणणे खरे होते. थोडे इंधन तिरप्या टाकीत एका कोपऱ्यास साचते व पंपाच्या तोंडाशी पोहोचत नाही. तेव्हा सून उतरली, आम्ही उतरलो, आणि मुलगा, तो तरुण व तो मनुष्य अशा सर्वांनी धरून गाडी हळूहळू मागे सपाटीवर आणली. दोनतीन वेळा किल्ली अर्धी फिरवून थांबलो, म्हणजे पंपाने नळ्या भराव्यात. मग इंजिन लागले. त्याचे आभार मानण्याइतकाही वेळ घेतला नाही. मागे वळून पाहिले तेव्हा तो आपली गाडी ढकलीत चढ चढत होता. त्याच्या टाकीतले सगळे आमच्या टाकीत आले होते.

दाखल्यातील शहाण्या कुमारींवर कित्येक जण कठोरपणाचा आरोप ठेवतात. थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते, असे विचारतात. आम्हीही विचारीत असू. त्या रात्रीनंतर विचारीत नाही. जे आपण घेतले नाही ते कोणाच्या तरी भांड्यातून यावे लागते. तो मनुष्य दिवसभर राबून आलेला, पावसात, घरापासून किती कोस होता कोण जाणे, आमच्या आळसाचे मोल म्हणून गाडी ढकलीत गेला. त्याने दिले, ह्यात त्याची थोरवी आहे. पण ते मागण्याची वेळ आम्ही आणली.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब, सारफथच्या विधवेच्या कुपीतील तेल देवाने आटू दिले नाही. मग आपल्या सेवकाची टाकी तो कशी आटू देईल? हा प्रश्न भाविक मंडळींकडून येतो, म्हणून त्याचा आदर करून उत्तर देतो. त्या विधवेच्या देशात दुष्काळ होता. विकत मिळण्याजोगे तेल तिने टाळले नव्हते. उलट, उरले होते ते तिने आधी देवाच्या सेवकाच्या पुढे ठेवले. जिथे दुकान नव्हते तिथे देवाने कुपी भरली. आमच्या पुढे तर पंप उभा होता आणि आम्ही तो ओलांडून गेलो. आमची गोष्ट त्या विधवेच्या गोष्टीशी जुळत नाही. ती जुळते मंदिराच्या उंच टोकाशी. तेथे सैतानाने प्रभूस खाली उडी टाकावयास सांगितले, देवदूत झेलतील असे शास्त्रवचनही पुढे केले, आणि प्रभूने ते नाकारले. खाली जाण्यास पायऱ्या असता उडी टाकणे ह्याला विश्वास म्हणत नाहीत. ते देवाची परीक्षा पाहणे होय. आम्ही त्या दुपारी देवाचे नाव घेऊन हेच केले, आणि नाव घेतले म्हणून ते अधिक वाईट.

दुसरा प्रश्न गरिबीचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. शंभर रुपयांचे पेट्रोल घालून कामावर जाणारा मनुष्य टाकी भरण्यास पैसे कोठून आणील? हे आम्ही जाणतो. रोजंदारीवर जगणारास मोठी रक्कम एकदम बाहेर काढता येत नाही. पण हिशेब पाहा. शंभर किलोमीटर जाण्यास जितके इंधन लागते तितकेच लागते, मग टाकीचा वरचा भाग वापरा किंवा तळचा. अर्धी टाकी कायम ठेवण्याचा खर्च एकदाच होतो, त्यानंतर रोज तेच शंभर रुपये पुरतात, फक्त ते तळावर न पडता अर्ध्यावर पडतात. मोटारसायकलीच्या टाकीस ही पहिली भर फार मोठी नसते. महिन्याकाठी दोनतीनदा पन्नास रुपये जास्त घालीत गेल्यास ती थोड्या महिन्यांत साधते. ज्यास एवढेही शक्य नाही त्याने निदान पावसाळ्याचे चार महिने आणि घरात आजारी किंवा दिवस भरत आलेली स्त्री असता तरी हा नियम पाळावा. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाराची गोष्ट प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात लोकांपुढे सांगितली आहे.

मुळशीकरांस साठा म्हणजे काय हे बाहेरच्या मनुष्याने शिकवावे असे नाही. चार महिन्यांचा पाऊस धरणाने अडवून ठेवला म्हणूनच खाली कोकणात भिरा येथील विजेची यंत्रे वर्षभर फिरतात. त्या पाण्यासाठी ह्या खोऱ्यातील गावांनी जमिनी गमावल्या, आणि त्यांच्यासाठी १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापट व इतरांनी सत्याग्रह केला, हे येथे कोणी विसरलेले नाही. त्या धरणाची पातळी रोज मोजली जाते. ती बरीच उतरण्याच्या आधी हिशेब होतो, नंतर नव्हे. आणि पाऊस कधी वाट बंद करील ह्याचा नेम नाही. २०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस ताम्हिणीस एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अशा दिवशी घाट बंद झाला की उलट फिरून लांबच्या वाटेने यावे लागते, आणि नेमक्या अंतरापुरते पेट्रोल घेऊन निघालेला तिथेच अडकतो. त्याच वर्षी १ व २ जानेवारीस टँकरचालकांच्या संपामुळे राज्यभर पंपांवर केवढ्या रांगा लागल्या हेही आपण पाहिले. त्या दोन दिवसांत ज्यांच्या टाक्या अर्ध्या होत्या ते शांतपणे घरी बसले.

त्या तरुण उपदेशकाविषयी एक गोष्ट राहिली. दिवा त्याने पाहिला होता, सांगितलाही होता, पण हळू आवाजात आणि एकदाच. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबिया देशातून न्यूयॉर्कला येणारे एक मोठे विमान खराब हवेमुळे उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत तासाहून अधिक वेळ आकाशात घिरट्या घालीत राहिले. इंधन संपत आले आहे असे त्यातील उपवैमानिकाने खालच्या अधिकाऱ्यांस सांगितले होते, पण ज्या एका शब्दाने सर्व विमाने बाजूस सारून वाट मोकळी केली जाते, तो आणीबाणीचा शब्द विमानातून उच्चारला गेला नाही. ऐकणारांस ती नेहमीची विनंती वाटली. विमान धावपट्टीवर पोहोचले नाही. १५८ माणसांपैकी ७३ मेली. पडल्यावर आग लागली नाही, कारण जळावयास काही उरलेच नव्हते. आपल्या मंडळ्यांत वडील माणसापुढे मोठ्याने बोलणे हा उद्धटपणा समजला जातो. तो तरुण त्या रीतीने वागला, त्याचा दोष नाही. ज्याच्यापुढे हळू बोलावे लागते अशी आपली चाल ठेवणाऱ्याचा दोष आहे. आता आमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकास, लहान मुलासही, आम्ही सांगून ठेवले आहे की दिवा दिसला तर गाडी थांबेपर्यंत बोलत राहावे.

ज्या मंडळ्यांकडे सामाईक जीप आहे त्यांनी तिची चाल बदलावी अशी आमची विनंती आहे. बहुतेक ठिकाणी जो नेतो तो भरतो, म्हणजे निघताना भरतो. आम्ही म्हणतो, जो आणून लावील त्याने भरून लावावी. रात्री दोन वाजता हाक आली तर किल्ली घेणाराने काट्याकडे पाहावे न लागो. आणि दिवा लागलाच असेल तर वेग उतरवून एकसारखा ठेवावा, थंड हवेचे यंत्र बंद करावे, आणि जवळ पंप नसेल तर इंजिन चालू आहे तोवरच, वळण व चढ टाळून, रस्त्याच्या कडेस रुंद जागा पाहून थांबावे. इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत नशिबावर ओढीत नेऊ नये. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावावे, मागे काही अंतरावर त्रिकोण ठेवावा, माणसांस रस्त्याच्या बाहेर उभे करावे. घाटात रेंज मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी कोठे चाललो ते कोणास तरी सांगून ठेवावे.

आजीबाईस आम्ही मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यातील एका रुग्णालयात पोहोचविले. त्या साडेचार तासांपैकी साडेतीन केव्हाच गेले होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, करावयाचे ते केले. ती जगली. आज ती काठी घेऊन अंगणात फिरते, नातवास हाका मारते, पण डावा हात पदराखालून बाहेर येत नाही. तो सव्वा तास वाचला असता तर हात वाचला असता काय, हे आम्ही डॉक्टरांस विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही. घरच्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांच्याकडे गेलो की ती उजव्या हाताने चहाचा कप पुढे करते, आणि तो कप घेताना आम्हांस फार जड वाटतो. मागच्या नाताळात ह्याविषयी आम्ही त्या कुटुंबापुढे आमचा अपराध स्पष्ट शब्दांत कबूल केला, दुपारच्या त्या दिव्यासकट. दिव्याची गोष्ट त्यांस तोवर ठाऊक नव्हती. मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, "ह्यावर पुढं बोलणार का सभेत?" आम्ही म्हणालो, "तू म्हणशील तर." तो म्हणाला, "बोला."

त्या माळकऱ्याचा शोध लावण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. त्याच्या दारी गेलो तेव्हा तो गोठ्यात होता. दीड लिटरचे पैसे आणि त्यावर काही पुढे केले, तेव्हा त्याने हात मागे घेतला व प्रथम हे विचारले, "म्हातारीचं काय झालं?"